तीन वर्षांच्या मानकुराद कलमाची पहिली छाटणी: कधी, कुठे आणि किती

आपला प्रश्न प्रथम थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. गोव्यात साखळीजवळ घरामागच्या भाटात, म्हणजे बागायतीत, जांभ्या दगडाच्या उथळ जमिनीत, आपण तीन वर्षांपूर्वी मानकुराद आंब्याची दोन कलमे लावली. त्यांपैकी एक सरळसोट वाढून नऊ फुटांच्या आसपास पोहोचले आहे आणि त्याला पाने व फांद्या केवळ वरच्या तीन-चार फुटांतच आहेत. दुसरे जमिनीपासून वीतभर उंचीवरच दोन सारख्या जाडीच्या फांद्यांत विभागले असून त्याच्या बुंध्याशी धुमाऱ्यांची गर्दी झाली आहे. घरातील वडीलधारी मंडळी आंब्याला कोयता लावू नये असे सांगतात, शेजारी भर पावसात शेंडा उडवायला सांगतात, आणि आपण यापूर्वी कधीच झाड छाटलेले नसल्यामुळे नेमके किती कापावे असे विचारता.

माझ्या मते 'किती' हा यातला शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी ठरवायचे असते ते हे, की दहा वर्षांनी या झाडाचे वजन कोणत्या तीन-चार फांद्यांनी पेलायचे आणि त्या फांद्या जमिनीपासून किती उंचीवर फुटायला हव्यात. एवढे निश्चित झाले की कापायचा भाग आपोआप समोर येतो आणि तो बहुधा भीती वाटते त्याहून कमीच असतो. पहिल्या छाटणीत माणसे हातात करवत घेऊन झाडाभोवती फिरतात आणि जे डोळ्यांना खटकते ते कापत जातात. मी फोंडा आणि सत्तरी भागांत कलमे बांधण्याचे आणि बागा राखण्याचे काम करतो, तेथे नव्या माणसाला मी आधी ठेवायच्या फांद्यांना रंगीत चिंधी बांधायला लावतो. कापणे त्यानंतर.

वडीलधाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही, ते वेगळ्या झाडाबद्दल आहे. बाठ्यापासून उगवलेला जुना रायवळ आंबा चाळीस-पन्नास फूट उंच जातो, त्याला जागा मुबलक असे, आणि अशा झाडाची जाड फांदी कापली की जखम वर्षानुवर्षे बुजत नाही, तिच्यातून पाणी आणि भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, खोडात शिरतात. म्हणून त्याला हात न लावणेच शहाणपणाचे ठरत असे. आपले कलम मात्र तीन वर्षांचे आहे, त्याच्या फांद्या बोटाएवढ्या किंवा फार तर मनगटाएवढ्या जाड आहेत आणि या वयातली जखम एक-दोन हंगामांत झाकली जाते. शिवाय मानकुराद जोमाने वर जाणारा आंबा आहे. तो मोकळा सोडला तर फळे इतक्या उंचीवर लागतात की झेला, म्हणजे आंबे उतरवण्याची जाळीची काठी, पोहोचत नाही, आणि झाडावर चढून आंबे उतरवणारा माणूस आता सहज मिळत नाही. खाली पडून फुटलेला मानकुराद कोणाच्याच कामाचा नसतो.

आता वेळेविषयी. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात कापलेला भाग कोरडा होतच नाही. उघड्या लाकडावर बुरशी बसते, फांदी टोकाकडून खाली वाळत येते, आणि जी कोवळी पालवी फुटते तिच्यावर करप्याचे काळे ठिपके पडतात. ढगाळ हवेत आलेले धुमारे उजेडासाठी लांबत जातात आणि मऊ राहतात. पावसात सगळेच फुटते हे शेजाऱ्यांचे निरीक्षण खरे आहे, परंतु फुटलेले सगळेच टिकत नाही.

फळे न देणाऱ्या लहान कलमाला आकार देण्यासाठी मी ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर हा काळ धरतो. परतीचा पाऊस ओसरलेला असतो, जमिनीत ओल शिल्लक असते, ऊन चांगले असते आणि झाड नव्या पालवीच्या तयारीत असते. महिन्यापेक्षाही झाडाकडे पाहणे महत्त्वाचे आहे. शेंड्याची पाने तांबूस आणि लोंबती असतील तर थांबावे. ती गडद हिरवी होऊन हाताला कडक लागू लागली, की त्या फांदीत पुन्हा फुटण्यापुरता साठा जमलेला असतो. चतुर्थी नुकतीच होऊन गेली आहे, म्हणजे आपल्याजवळ निरीक्षणासाठी महिनाभर आहे आणि तो वाया घालवू नये. फळे देणाऱ्या झाडाचे वेळापत्रक वेगळे असते. आंबा आधीच्या महिन्यांत तयार होऊन पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर मोहोरतो, त्यामुळे मोठ्या झाडाची हलकी छाटणी फळे उतरवल्याबरोबर, मेअखेरीस पाऊस लागण्यापूर्वी उरकावी लागते. तेच काम नोव्हेंबरात केले तर डिसेंबर-जानेवारीचा मोहोर आपणच कापून टाकला असे होते. हा फरक लक्षात न घेता दिलेले सल्ले ऐकूनच माणसे गोंधळतात.

या महिन्यात पहिले काम करवतीचे नाही, गुडघे टेकून बसण्याचे आहे. दोन्ही कलमांच्या बुंध्याशी साचलेली माती आणि पाला बाजूला करून कलमाचा जोड शोधा. जमिनीपासून वीतभर अंतरात कोठेतरी खोडाला किंचित फुगवटा दिसेल, वरच्या व खालच्या सालीच्या रंगात किंवा खरखरीतपणात फरक जाणवेल. जोडाला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी अजून तेथेच असेल तर ती ताबडतोब, साल न दुखावता, ब्लेडने उभी चिरून काढा. खोड जाड होत जाते तशी ती सालीत रुतते, आणि मग वरून ठणठणीत दिसणारे झाड एखाद्या वादळात नेमके तेथेच मोडते.

नंतर प्रत्येक धुमारा बोटाने खाली चाचपत त्याचा उगम पाहा. जो जोडाच्या खालून निघाला आहे तो मानकुराद नव्हे, तो खुंटाचा, म्हणजे रायवळ बाठ्यापासून वाढवलेल्या रोपाचा आहे. असे धुमारे जोमदार असतात आणि दोन-तीन वर्षांत वरच्या कलमाची उपासमार करतात. कलम लावले मानकुरादचे आणि फळ आले आंबट, तंतूमय, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या भाटात मला अनेकदा हेच आढळले आहे. या धुमाऱ्यांसाठी ऑक्टोबरची वाट पाहण्याची गरज नाही. पाऊस उघडलेला दिवस पाहून ते उगमापाशी काढून टाका. वर कापून खुंटी ठेवलीत तर एकाचे चार होतील.

आपल्या दुसऱ्या कलमाचे भवितव्य याच तपासणीवर अवलंबून आहे. त्या दोन सारख्या फांद्यांपैकी एक जोडाखालून आलेली निघाली, तर निर्णय झालाच: तीच काढायची, मग ती कितीही सुंदर वाढलेली असो. दोन्ही जोडाच्या वर असतील तर बेचक्यात पाहा. दोन फांद्या रुंद कोनात दूर होत असतील आणि मधली साल वर उचललेली दिसत असेल, तर तो सांधा मजबूत आहे. त्या अगदी चिकटून वर जात असतील आणि मधली साल आत दुमडली गेली असेल, तर तेथे लाकूड लाकडाला जुळलेले नसते, केवळ साल सालीला टेकलेली असते. फळांचे ओझे आणि जूनमधला वारा एकत्र आले की असे बेचके उभे फाटते आणि अर्धे खोड घेऊन जाते. अरुंद बेचके असेल तर दोहोंतील कमजोर फांदी याच ऑक्टोबरात, ती बारीक असताना, उगमापाशी काढावी. कोन ठीक असेल तर दोन्ही ठेवता येतात, मात्र बरोबरीने नाहीत: एकीचा शेंडा सुमारे निम्म्यावर आणावा, म्हणजे दुसरी पुढे जाईल आणि छाटलेली तिची बाजूची फांदी बनून राहील.

सरळसोट कलमाचा विचार अधिक सावधपणे करावा लागतो. ते असे का वाढले? शेंड्याच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खोडातून खाली उतरत राहते आणि बाजूच्या डोळ्यांना निद्रिस्त ठेवते. शेंडा गेला की हा दाब उठतो आणि खालचे डोळे जागे होतात. छाटणीचे सारे शास्त्र येथून सुरू होते. पण त्याबरोबर सावलीही पाहा. शेजारी माड, फणस किंवा घराची भिंत असेल आणि सकाळचे ऊन अडत असेल, तर झाड उजेडाकडे धावत आहे, आणि शेंडा कापल्यावरही ते तसेच धावेल. तेथे आधी सावली करणाऱ्या फांद्यांचा बंदोबस्त करावा लागेल.

पहिल्या फांद्या किती उंचीवर घ्याव्यात, याला एकच आकडा नाही. पुस्तकी शिफारस साधारण ६० ते ७० सेंटिमीटरची असते, आणि कुंपण असलेल्या बागेत ती योग्यच आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात मोकाट गुरे फिरतात आणि आंब्याची कोवळी पाने ती आवडीने ओरबाडतात. भाटाला गडगा किंवा कुंपण नसेल तर मी पहिल्या फांद्या चार फुटांच्या आसपास घेतो. कुंपण असेल तर तीन फुटांहून वर जाण्याचे कारण नाही.

आपले सरळ कलम तीन फुटांवर एका घावात कापावे का? खोड तेथे दीड-दोन बोटे जाड असेल, झाड निरोगी असेल आणि पाणी देण्याची सोय असेल, तर कापता येते. आंब्याच्या जुन्या खोडावरही झोपलेले डोळे असतात आणि ते फुटतात. मात्र आपण म्हणता तशी खाली एकही पान नसेल, जमीन उथळ असेल आणि खोड मनगटाएवढे झाले असेल, तर सर्व पाने एकदम काढणे मला पटत नाही. अन्न तयार करणारा एकही कारखाना शिल्लक न ठेवता झाडाने नवा संसार मांडावा, ही अपेक्षा जांभ्या जमिनीत जड जाते. अशा वेळी मी दोन टप्प्यांत जातो. या ऑक्टोबरात वरचा दोन-अडीच फुटांचा शेंडा काढतो आणि त्याखालची पाने राखतो. खालच्या भागात, हव्या त्या उंचीवर धुमारे दिसू लागले की त्यांना वर्षभर वाढू देतो आणि पुढच्या ऑक्टोबरात मुख्य खोड त्या धुमाऱ्यांच्या थोडे वर कापतो. एक वर्ष जाते खरे, परंतु झाड दमत नाही. आपल्या वर्णनावरून मला हाच मार्ग योग्य वाटतो.

प्रत्यक्ष घाव कोठे घालायचा, ही आंब्यातली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे. आंब्याची वाढ सलग होत नाही, ती पालवीच्या टप्प्यांनी होते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पाने दाटीने येतात आणि पाने गळल्यावरही त्या जागी काडीभोवती वळ्यासारखी खूण राहते; बोट फिरवले तर ती जाणवते. या वळ्यात डोळे अगदी जवळजवळ असतात. आपण वळ्याच्या लगेच वर कापले तर तेथून एकाच पातळीवर पाच-सात धुमारे गुच्छाने फुटतात आणि सगळे एकमेकांना ढकलत वर जातात. वळ्याच्या खाली, दोन वळ्यांमधल्या उघड्या भागात कापले, तर धुमारे कमी येतात आणि ते वरखाली अंतर ठेवून येतात. सांगाड्याच्या फांद्यांसाठी आपल्याला हेच हवे असते, कारण एकाच जागी फुटलेल्या चार फांद्यांचा सांधा कमजोर राहतो. म्हणून मुख्य खोडाचा घाव वळ्याखाली घाला, आणि पुढे जेव्हा फळणाऱ्या बारीक काड्या भरपूर हव्या असतील तेव्हा वळ्याच्या वर.

घाव किंचित तिरपा असावा, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. बोटाएवढ्या फांदीला धारदार सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, त्याहून जाड फांदीला बारीक दात्यांची करवत. कोयता येथे नकोच, कारण त्याच्या घावाने लाकूड चिरते आणि साल सोलवटते. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाते स्पिरिटने पुसून घ्यावे. बाजूची फांदी पूर्ण काढताना ती खोडाशी जेथे जुळते तेथे एक सुरकुतलेला फुगीर काठ दिसतो. तो काठ खोडावरच राहू द्यावा आणि त्याच्या लगत बाहेरून कापावे. झाडाच्या जखमांचा आयुष्यभर अभ्यास करणारे अमेरिकी वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले, की झाड कुजका भाग दुरुस्त करत नाही, तर त्याच्याभोवती भिंत उभारून त्याला बंदिस्त करते. ही भिंत उभारण्याचे काम त्या फुगीर काठातून होते. खोडाला चाटून सपाट कापले की तो काठ जातो, आणि हातभर खुंटी ठेवली की ती वाळून भिरुडाला आमंत्रण देते. फांदी जाड आणि जड असेल तर आधी खालच्या बाजूने थोडी चीर द्यावी, नंतर थोडे पुढे वरून कापून वजन उतरवावे आणि शेवटी उरलेला भाग काठाशी नीट कापावा. एकाच घावात कापू गेल्यास फांदी पडताना सालीची लांब पट्टी सोबत नेते.

चिकाबद्दल एक सूचना. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत आणि आंब्याचा चीकही कातडी भाजू शकतो. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, हातांना आधी खोबरेल तेल चोळा आणि कापताना चेहरा घावाच्या खाली ठेवू नका.

चीक गळून घाव कोरडा झाला की बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावावी. सुपारीच्या कोळे रोगासाठी आपल्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, बोर्डो मिश्रण फवारतातच, त्यामुळे मोरचूद मिळायला अडचण नसते. पेस्ट त्याच्या दहापट घट्ट असते एवढाच फरक. दोन झाडांसाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवा, मग मोरचुदाचे पाणी ढवळत ढवळत चुन्यात ओता. लोखंडी सुरीचे पाते त्यात क्षणभर बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घाला. केलेली पेस्ट त्याच दिवशी वापरून संपवावी. ज्या खोडावर आता नव्याने ऊन पडणार आहे त्याला पातळ चुना लावल्यास मार्च-एप्रिलच्या उन्हात साल तडकत नाही.

येथवरचा क्रम असा: आत्ता जोडाची तपासणी आणि खुंटाचे धुमारे काढणे, पाऊस सरल्यावर पाने कडक झाली की मुख्य घाव, आणि घाव कोरडा होताच पेस्ट. यानंतरचे काम सोपे आहे, पण ते विसरले जाते आणि त्यामुळेच बहुतेक पहिल्या छाटण्या फुकट जातात.

नवे धुमारे वीतभर झाले की त्यांतले तीन किंवा चारच राखावेत. ते खोडाच्या वेगवेगळ्या बाजूंना असावेत, शक्य तर एकमेकांपासून वरखाली चार-सहा बोटांचे अंतर असावे आणि खोडाशी त्यांचा कोन ४५ ते ६० अंशांचा असावा. त्यांतला सर्वांत दणकट नैर्ऋत्येकडे असेल तर उत्तम, कारण आपला पावसाळी वारा मुख्यतः त्या दिशेने येतो. उभा जाणारा धुमारा चांगला असेल तर त्याला लगेच कापू नका. काथ्याच्या दोरीने खुंटीला सैल बांधून हळूहळू आडवा करा, दोरीखाली जुन्या कापडाची घडी ठेवा आणि दर महिन्याला गाठ तपासा. या दिवसांत पानांचे देठाजवळून कात्रीने कापल्यासारखे तुकडे झाडाखाली पडलेले दिसले, तर ते सोंड्या भुंग्याचे काम आहे. मादी कोवळ्या पानात अंडी घालून पान खाली पाडते, म्हणून पडलेली पाने गोळा करून जाळणे हाच अर्धा उपाय होतो.

या तीन-चार फांद्या दोन फूट वाढून पाने कडक झाली की प्रत्येकीचा शेंडा दीड फुटावर खुडावा आणि फुटणाऱ्यांपैकी दोन-तीन बाहेरच्या दिशेच्या काड्या राखाव्यात. हे आणखी एकदा केले की सांगाडा तयार झाला. नंतर दरवर्षी वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि मधोमध उभ्या घुसणाऱ्या काड्या काढण्यापलीकडे फारसे काम उरत नाही, आणि झाड बारा-पंधरा फुटांत आवरता येते. सांगाडा तयार झाल्यावर कोणत्याही एका वर्षी पानांचा चौथा हिस्सा, फार तर एक तृतीयांश, यापेक्षा अधिक काढू नये.

हे सर्व आंब्यापुरते आहे. पेरू नव्या फुटीवरच फळतो, म्हणून तो बरीच कठोर छाटणी सहन करतो. फणस खोडावर आणि जाड फांद्यांवर फळतो, म्हणून त्याचा शेंडा खुडण्याचे गणित निराळे. चिकूला वाळलेल्या फांद्या काढण्याखेरीज सहसा काही लागत नाही. आंब्याचे नियम त्यांना लावू नयेत.

मोहोराबद्दल आपण शेवटी ओझरते विचारले आहे. कलमाची काडी फळणाऱ्या जुन्या झाडावरून आणलेली असते, त्यामुळे रोप लहान असले तरी ती काडी वयात आलेली असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोहोरते. येत्या हिवाळ्यात आलेला मोहोर बोटभर असतानाच बुडापासून खुडून टाका, कारण एकदा फळे धरली की सांगाड्याची वाढ थांबते. दुभंगलेल्या कलमावर पुढील वर्षी, म्हणजे पाचव्या वर्षी, खोड दणकट दिसले तर पाच-सहा फळे ठेवायला हरकत नाही. सरळ कलमाला आपण दोन टप्प्यांत कापणार असल्यामुळे त्याच्यासाठी आणखी एक वर्ष थांबावे लागेल. कापल्यानंतर सहा-आठ आठवड्यांत एकही डोळा फुगलेला दिसला नाही, किंवा खोडावर डिंक आणि लाकडाचा भुसा दिसू लागला, तर पुढे काहीही कापू नका; बुंध्याचे आणि घावाचे जवळून छायाचित्र काढून आपल्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत दाखवा.